साडूंची किटली

पैजेची काडी लावली चावीवाल्यानं, आणि अडकलो मी. त्याचं दुकान माझ्या स्टुडिओच्या बरोबर समोर. लोकांची कुलपं उघडता उघडता त्याला लोकांची तोंडंही उघडायची सवय लागलीय.

"तुमच्या किटल्या गळतात राव," तो म्हणाला. "डॉक्टरांची बघा. धार थांबली की थांबली. चोचीवरून एक थेंब खाली येत नाही."

डॉक्टर म्हणजे माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं लोकांचे दात काढले, निवृत्त झाले आणि 'हाताला काही काम पाहिजे' म्हणत माझ्याकडे कुंभारकाम शिकायला आले. मीच बोलावलं. हौसेनं पायावर धोंडा मारून घेतला. मला वाटलं, चार दिवस अंगभर चिखल उडवतील, ताई घरी आरडाओरडा करतील, आपल्याला फुकटची करमणूक. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या मातीच्या गोळ्यात काचेची गोटी लपवली. चाक फिरलं, गोटी बोटाला लागली. हा माणूस शांतपणे ती काढून, पुसून म्हणतो, "अक्कलदाढ दिसतेय."

सगळा वर्ग खो खो हसला. गंमत माझी, हशा त्यांचा. माझी पोटदुखी तिथून सुरू झाली.

अठरा वर्षं मी या चाकावर बसतोय. त्यातलं पहिलं वर्ष गोळा मधोमध बसवण्यातच गेलं. साडूंना आठव्या दिवशी जमलं! भांड्याचं बूड खरवडायला ते दातांची जुनी हत्यारं वापरतात, वाकड्या टोकांची. आता रविवारच्या वर्गातली माणसं ओलं भांडं माझ्या नाकासमोरून उचलून त्यांच्याकडे नेतात. "डॉक्टर, जरा बघता?" वर्ग माझा, माती माझी, भट्टी माझी. आणि मी कोण? वॉचमन?

"लावा पैज," मी म्हणालो. "दोघं एकेक किटली करू. एकाच भट्टीत भाजू. तीन आठवड्यांनी रविवारी गल्लीला चहा. ज्याच्या किटलीची चोच गळली तो हरला. साडूभाऊ हरले, तर महिनाभर वर्गात यायचं नाही."

हेच तर मला हवं होतं.

"आणि तुम्ही हरलात तर?" चावीवाला.

शेजारच्या शिंपीणकाकू मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "रस्त्यात खुर्ची टाकून डॉक्टरांना दात दाखवायचे."

गल्ली खिदळली. दातांच्या डॉक्टरला मी किती टरकतो ते सगळ्यांना ठाऊक. घरात साडू डॉक्टर असून त्यांच्यापुढे मी हसतो तेही तोंडावर हात धरून.

"मला चालेल," साडू म्हणाले. एवढंच. चिडतही नाही हो हा माणूस!

कामाला लागलो. किटलीचं पोट, चोच, कान, झाकण, सगळं वेगवेगळं करून जोडायचं. खरी मेख चोचीच्या ओठात. ओठाची कड धारदार हवी, म्हणजे चहाची धार तिथं तुटते. कड गोल झाली की थेंब ओठाला चिकटतो आणि खाली ओघळतो. हे मीच वर्गात शिकवतो. माझी कड अशी झाली होती की कागद कापावा.

मग साडूंची किटली पाहिली. निळ्या ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकाकणाऱ्या लेपात, एकदाच बुडवलेली. काय बेटी दिसत होती! तिच्यापुढे माझी आजारी वाटायला लागली. मी ब्रशनं माझ्या किटलीवर आणखी एक हात मारला. मग आणखी एक. चोचीवर तर जरा जास्तच.

भट्टी भरायला आम्ही दोघंच. झाकण किटलीवर ठेवूनच भाजायचं, पण जिथं दोन्ही टेकतात तिथलं ग्लेझ ओल्या स्पंजनं पुसून काढायचं. नाहीतर ते आत वितळतं आणि झाकण कायमचं बसतं. साडू फळी आणायला बाहेर गेले आणि मला दिसलं, त्यांच्या झाकणाखाली डाव्या बाजूला नखाएवढं निळं राहिलंय. स्पंज माझ्या हातात होता. एकदा फिरवला असता तर झालं असतं.

मी त्या स्पंजनं हात पुसले.

आयुष्यात चिकार थट्टा केल्या मी. पण थट्टेत शेवटी समोरच्याला सांगायचं असतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, हे भट्टीचं दार लावतानाच मला कळलं. तरी लावलं.

रविवारी गल्ली जमली. काकूंनी टेबलावर पांढरंशुभ्र कापड अंथरलं. साडूंनी झाकण उचलायला हात लावला, तर सबंध किटलीच वर आली.

"अरेरे," मी म्हणालो. चेहराही तसा केला.

साडूंनी किटली मांडीवर घेतली, आपला कान तिच्याजवळ नेला आणि मातीकामाच्या एका हत्याराच्या लाकडी मुठीनं कडेकडेनं हलकेच टकटक करत गेले. डाव्या बाजूला थांबले. तिथं पुन्हा दोनदा. टिक! झाकण हातात आलं, कडेला एवढासा टवका.

"मुळं खोल नव्हती," ते म्हणाले. पुन्हा हशा त्यांचाच.

पाच कप भरले. दर वेळी धार सुरीनं कापल्यासारखी तुटली. कापड कोरडं ठणठणीत.

मग माझी. उन्हात नुसती झगमगत होती. धार झकास पडली. कप भरला, मी किटली सरळ केली, आणि चोचीच्या हनुवटीला एक जाडजूड थेंब लोंबला. तीन हात ग्लेझ वितळून ओठ गोल गुळगुळीत झाला होता. थेंब पोटावरून ओघळत आला आणि पडला काकूंच्या कापडावर.

"खुर्ची आणा!" चावीवाला ओरडला. बायकोनंच आणली, तीही धावत.

भर रस्त्यात बसलो. चावीवाल्यानं टॉर्च धरला. साडूंनी छोटा आरसा तोंडात घातला आणि खूप वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "झाकणाखालचं ग्लेझ तुम्हाला दिसलं होतं ना?"

मी एरवी बेमालूम थापा मारतो. पण तोंड उघडं, त्यात आरसा आणि साडूंचं बोट, अशा वेळी माणूस काय थाप मारणार? मी मान हलवली. हो.

त्यांनी आरसा बाहेर काढला. मग सरळ उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कीड आहे. पण दात वाचेल."

टाळ्या, शिट्ट्या. मी उठायला लागलो, तर खांद्यावर त्यांचा हात.

"बसा, बसा. डावी बाजू बघायचीय अजून. आपण डावी बाजू विसरतो."

मी पुन्हा तोंड उघडलं.