पिसांच्या टोपीची पेटी

मित्रांनो, मी शाळेच्या भांडारखोलीतली एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझं झाकण कुरकुरतं. खरं सांगायचं तर मीही कुरकुरते.

माझ्या पोटात देशोदेशीचे पोशाख आहेत. वर्षातून एकदा, शाळेच्या 'आपण सारे' या कार्यक्रमासाठी, मला सभागृहात ओढत नेतात. "केवढी विविधता!" म्हणून पाहुणे तोंडभरून कौतुक करतात. आधी मी फुशारून जायचे. आता चीड येते. कारण हे सगळे पोशाख शिंप्याने एकाच पुस्तकातली चित्रं बघून, जुन्या पडद्यांतून बेतलेत. ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

यंदा चौथीत एक नवी मुलगी आली, लांबच्या डोंगराळ देशातली. कार्यक्रमाच्या दिवशी बाईंनी माझ्यातली पिसांची टोपी तिच्या डोक्यावर चढवली.

"बाई, आमच्याकडे अशी टोपी कुणीच घालत नाही."

"अगं, चित्रात आहे ना!"

"पण ही पिसं..."

"पिसांशिवाय लोकांना कळणार कसं, तू कुठली ते?"

ऐका हो तिचं! मी आतल्या आत ओरडले. पण पेटीचं कोण ऐकतं?

मंचावर जाऊन ती म्हणाली, "ही टोपी आमची नाही. कुणाची आहे, मला माहीत नाही."

सगळे खो खो हसले. लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत बसलेली तिची आई तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आई भांडारखोलीच्या दारात उभी राहिली. हातात करडा लोकरीचा कोट, कोपरांवर ठिगळं. "हिच्या आजीचा आहे. आम्ही हे घालतो. पेटीत ठेवाल का?"

बाई मनाने वाईट नाहीत, पण सदा घाईत. "हो हो, ठेवा तिथे," म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी कुणीतरी तो कोट उचलून हरवलेल्या वस्तूंच्या टोपलीत टाकला. माझ्यापासून हातभर अंतरावर! मी नुसती धुमसत राहिले.

सोमवारी प्रार्थना संपल्यावर शिपाईमामांनी ती टोपली खोलीबाहेर, मुलांच्या रांगांसमोर ठेवली. एक डबा, एक छत्री, मग तो कोट. "हा कुणाचा रे?"

मुलं फिदीफिदी हसली. ती मुलगी पुढे आली. "माझ्या आजीचा."

मामांनी ठिगळांवरून बोट फिरवलं. "आजीची कोपरं कशाने गं एवढी झिजली?"

"बर्फात कोकरं अडकायची. आजी कोपरांवर सरपटत जाऊन त्यांना ओढून काढायची."

हसू थांबलं. "मग?" रांगेतून कुणीतरी विचारलं. ती सांगत राहिली. घंटा झाली, तरी एकही रांग हलली नाही.

कोट तिने घरी नेला. बरोबरच केलं. माझ्याजवळ ठेवला असता, तर तो पुन्हा टोपलीतच गेला असता.

मित्रांनो, शेजारच्या बाकावर लांबून आलेलं कुणी बसलं असेल, तर त्याला सजवू नका. त्याला विचारा. मामांना तो प्रश्न सहज सुचला. इतकी वर्षं टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहात तसा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.