कोऱ्या कापडाच्या चिंध्या

गल्लीतल्या शिंप्यांच्या चिंध्या पूर्वी गटारात जायच्या, नाहीतर कोपऱ्यावर जळायच्या. त्या धुराने सासूबाईंचा खोकला हटेना, तेव्हा थोरल्या सुनेने कंबर कसली. दुकानोदुकानी फिरून तिने चिंध्या गोळा केल्या, तुकड्याला तुकडा जोडून पिशव्या शिवल्या. त्या हातोहात खपल्या. बघता बघता मागच्या खोलीत चार मशिनं आली, शेजारणी कामाला लागल्या, धाकटा दीर ऑर्डरी सांभाळू लागला. कोपऱ्यावरचा धूरही थांबला.

त्या दुपारी तिने नवं पोतं उघडलं आणि तिचा हात थबकला. सगळ्या चिंध्या एकाच निळ्या रंगाच्या, नव्या कापडाची खळसुद्धा जशीच्या तशी. असा माल कुठला शिंपी देतो? दिराला विचारायला ती गच्चीवर गेली, तर तो मांडी ठोकून कोऱ्या ताग्यावर कात्री चालवत होता.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"चिंध्या करतोय. शिंप्यांकडचा माल पुरेना, वहिनी. मोठी ऑर्डर घेऊन बसलोय."

"अहो, मग अख्ख्या कापडाच्याच शिवू की!"

"त्या कोण घेणार? गिऱ्हाइकाला पृथ्वी वाचवायचीय."

तो अगदी मनापासून बोलत होता. तिचं डोकं चक्रावलं. चुकतंय हे कळत होतं, पण शेजारणींचे संसार याच पिशव्यांवर चालले होते. शेवटी तिने पिशव्या विकणाऱ्या दुकानदार बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"हे मला सांगायलाच नको होतंत," बाई म्हणाल्या. "आता मी लोकांना काय सांगू?"

"जेवढ्या खऱ्या चिंध्या, तेवढ्याच पिशव्या. बाकीची ऑर्डर रद्द समजा."

"बरं. पण कमी मिळतात म्हटल्यावर लोक जास्तच मागतील हो!"

तिने फोन ठेवला.

"आणि या ढिगाचं काय करायचं?" दिराने विचारलं.

टाकला तर कचरा, शिवला तर फसवणूक. तिने तुकडे घरातल्या उशांत भरायला घेतले. ते तरी बरोबर होतं का, तिला सांगता आलं नसतं.