चर्चच्या पोटातलं चर्च

आमच्या चर्चची मागची भिंत तिरकी आहे. शेवटच्या बाकामागे डाव्या अंगाला कपाट मावतं, उजव्या अंगाला उभा झाडूसुद्धा जेमतेम शिरतो. ही भिंत माझ्या पणजोबांनी बांधली आणि तेव्हापासून आमच्या घराला सगळे 'तिरके' म्हणतात. चार पिढ्या आम्ही गवंडीकाम करतोय. सरळ बांधलेल्या शेकडो घरांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

यंदा चर्चला सव्वाशे वर्षं झाली. पाळकसाहेबांनी इमारतीचा इतिहास लिहायला घेतला आणि फरशी बदलायचं काम मला दिलं. लिहिलेला मजकूरही मोठ्या हौसेने वाचायला दिला. त्यात एक वाक्य होतं: 'गवंड्याच्या निष्काळजीपणामुळे मागची भिंत तिरकी झाली.' माझं डोकंच फिरलं. चिडवणं वेगळं आणि छापणं वेगळं. बाबांना दाखवायला नको होतं, पण माझ्या तोंडात तीळ कुठला भिजायला? ऐंशीला टेकलेल्या बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे आता मेल्यावरही हेच राहणार." मला फार वाईट वाटलं.

सोमवारी मजकूर छापखान्यात जाणार होता. गुरुवारी मी मधली फरशी उचलली आणि खाली दगडी पाया लागला. चर्चच्या मधोमध दुसऱ्याच एका लहान इमारतीचा चौकोनी पाया होता. मी हातातलं काम टाकलं आणि बाबांना घेऊन आले.

गुडघे दुखतात म्हणून प्रार्थनेलाही न टेकणारे बाबा चक्क गुडघ्यांवर बसले. पायावर हात फिरवला. मग म्हणाले, "दोरी आण. तू त्या कोपऱ्यात जा."

इमारत काटकोनात आहे की नाही हे बघायचं तर समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी ताणायची. दोन्ही तिरप्या मापांची लांबी सारखी भरली की काम चोख. आम्ही दोरी ताणली. ती बरोबर त्या जुन्या पायावरून गेली.

एवढ्यात पाळकसाहेब आले. बाबा खालूनच म्हणाले, "साहेब, इथे भिंती उभ्या असतील तर ही दोरी जाणार कुठून?"

"पण मेस्त्री, हा पाया जुन्या चर्चचा असला, तरी ते पाडूनच नवं बांधलं असेल ना?"

"पाडलं असतं तर माझ्या आजोबांनी दोरी ताणली असती. ते काय खुळे होते? जुनं आत उभं ठेवलं आणि त्याच्या बाहेरून नवं उठवलं. मग नुसत्या गुण्यावर, लाकडी काटकोनावर, कोपरे काढायचे. कोपऱ्यात बोटभर चुकलं की टोकाला हातभर जातं."

"असं कोण बांधून घेईल?"

"तुमची मंडळी. एक रविवार चुकवा म्हणून सांगून बघा त्यांना."

पाळकसाहेब आत गेले आणि उपासनेची जुनी वही घेऊन आले. मी मनात म्हटलं, आता काय ते होऊन जाऊ दे. बांधकामाच्या दोन वर्षांत एकही रविवार कोरा नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'आज नव्या छपराखाली जुन्या चर्चमध्ये शेवटची उपासना झाली. नंतर सर्वांनी हातोहात जुन्या विटा नव्या दारातून बाहेर काढल्या.'

पाळकसाहेबांना हसू आवरेना. ते बाकावर बसून डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे ही माणसं आत बसून गात होती आणि मेस्त्री बाहेर अंदाजाने चर्च बांधत होते."

"आणि आम्ही सव्वाशे वर्षं शिव्या खात होतो," मी म्हटलं. तेवढं बोलायचा हक्क माझा होता आणि तो मी वसूल केला.

रविवारी त्यांनी व्यासपीठावरून नवा मजकूर वाचला. 'बांधकामाच्या दोन वर्षांत या मंडळीने एकही उपासना चुकवली नाही, म्हणून मागची भिंत तिरकी आहे. इतक्या अडचणीत ती फक्त हातभरच चुकली, हे गवंड्याचं कसब.'

सगळे माना वळवून भिंतीकडे बघू लागले आणि हसू लागले. मीही हसत होते. तेवढ्यात शेजारी बाबा उठून उभे राहिले. उपासनेच्या मध्ये ते जन्मात कधी बोलले नव्हते.

"पाळकसाहेब, तेवढं पुन्हा वाचा. नीट ऐकू आलं नाही."

आम्ही पहिल्या बाकावर बसलो होतो.