विंगेत ठेवलेला ऑर्गन

मित्रांनो, तुमच्या शाळेत हातपेटी असेल, तर मी तिचा थोरला भाऊ. मी जुना ऑर्गन आहे. मला पायांनी हवा भरायची असते, म्हणून वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. माझा जन्म गिरगावातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. लाकूड बर्मी सागाचं, सूर विलायती. बारा वर्षं मी एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडलो. पुढे बोलपटांनी नाटकांचे प्रेक्षक पळवले आणि कंपनी बसली. तेव्हा कंपनीतले गायक नट शरच्चंद्र मास्तर मला मुलुंडला आपल्या घरी घेऊन आले. तिथे त्यांनी गाण्याचा वर्ग काढला. मास्तरांवर माझा फार जीव होता.

१९५१ साली, गणपती होऊन गेल्यावर, भांडुपहून धाकू नावाचे एक गिरणी कामगार आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "मास्तरांनु, ह्यां माझां चेडू, सुगंधा. गळो बरो आसा तेचो. शिकवशात?"

मास्तरांनी तिला एकच सूर लावायला सांगितला. तो ऐकून त्यांनी हातातलं पान तबकात परत ठेवलं. "उद्या सकाळी सहाला पाठवा," एवढंच म्हणाले.

पहिलं वर्षभर सुगंधाला एकही पद मिळालं नाही. नुसता षड्ज आणि पलटे. मग नाट्यपदं सुरू झाली, तशी मास्तरांची शिस्त आणखी कडक झाली. "शब्द गिळू नकोस! तान घेताना चेहरा वेडावाकडा करू नकोस. राणी आहेस तू, दाढ दुखतेय का तुझी?" तिच्या बोलण्यातला मालवणी हेल जावा म्हणून ते एकेक वाक्य शंभरदा म्हणवून घेत. ती न कंटाळता म्हणे. मास्तरांची मुलगी पद्मजा तिच्याच वयाची. तीही शेजारी बसून शिके, पण तिचा आवाज वरच्या पट्टीत गेला की चिरकायचा. दोघींचं मैत्र मात्र घट्ट होतं. सकाळचा चहा त्या एका कपात अर्धा अर्धा घेत, आणि उरलेली साखर चाटण्यावरून भांडत.

सहा वर्षांनी मास्तरांनी नवं संगीत नाटक बसवायला घेतलं. सुगंधाच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "नायिका तूच." पाच महिने तालमी झाल्या. भाऊ नावाचे साथीदार मला वाजवत. तिचं तिसऱ्या अंकातलं पद सुरू झालं की शेजारच्या बिऱ्हाडांतल्या बायका हातातलं काम टाकून खिडकीशी येत.

प्रयोगाला आठ दिवस उरले असताना मास्तर तालमीला आले ते जमिनीकडे बघतच.

"सुगंधा, पद्मजाला बघायला मुलाकडची मंडळी येणार आहेत. पहिल्या प्रयोगात नायिका म्हणून तिला उभी राहू दे. पदं तू आतून म्हण. ती नुसते ओठ हलवील."

सुगंधाने हातातली पदांची वही मिटली. "आतून गाण्यासाठी शिकवलंत मला, मास्तर?"

"एकच प्रयोग गं. पुढे सगळं तुझंच. एवढं करणार नाहीस गुरूसाठी?"

ती पद्मजाकडे बघत राहिली. पद्मजाने मान खाली घातली. "बरं," सुगंधा म्हणाली. "एकच."

मित्रांनो, ऑर्गनची जागा रंगमंचासमोर असते. घाटकोपरच्या त्या दुपारच्या प्रयोगाला मला प्रथमच विंगेत, पडद्याआड नेऊन ठेवलं. मास्तर भाऊंना म्हणाले, "जरा जोरात वाजवा. आवाज कुठून येतो ते कळता कामा नये." आणि मी जोरात वाजलो. जिच्या सुराला सहा वर्षं आधार दिला, तिलाच मी झाकलं. टाळ्या पद्मजाला मिळाल्या. तिचं लग्न ठरलं. वर्तमानपत्रात छापून आलं, 'पद्मजाबाईंचा गळा म्हणजे गोडव्याची खाण.'

दुसरा प्रयोग अंधेरीला होता. सुगंधा आईचं ठेवणीतलं नऊवारी घेऊन आली. बाहेरच्या फलकावर पद्मजाचं नाव होतं.

"लोक आता तिलाच बघायला येतात," मास्तर म्हणाले. "मी तरी काय करू?"

ती परत निघाली होती. पण धाकू चाळीतली अकरा माणसं घेऊन केव्हाच तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्यासमोर नाटक मोडायला तिचं मन धजेना. ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि गायली. पहिला अंक संपताच धाकू विंगेत शिरले.

"तू हय कित्याक? आवाज तुझो, आनि तोंड दुसऱ्याचां?"

"बाबा, जाऊन बसा," ती म्हणाली. "तिसऱ्या अंकातलं पद ऐका."

ते पद तिने असं गायलं, की भाऊ साथ करता करता तिच्याकडेच बघत राहिले. थिएटरात सगळीकडून एकच ओरडा उठला, "वन्समोअर! वन्समोअर!"

भाऊंनी सूर धरला. सुगंधाने ओठ मिटले.

"गा!" मास्तर कुजबुजले. "अगं, गा!"

"नाटक मोडू नये म्हणून नाटकातली पदं गायले. वन्समोअर ते जिच्याकडे बघून मागतायत, तिने द्यावा."

रंगमंचावर पद्मजा विंगेकडे बघत होती. शेवटी तिने स्वतःच सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. कोणी तरी हसलं, मग कोणी शिटी मारली, आणि पडदा पडला. सुगंधाला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

पद्मजा रडत आत आली. "मला तरी आधी सांगायचंस गं!"

"तू मला सांगितलंस?" सुगंधा म्हणाली. त्यानंतर त्या दोघी कधी बोलल्या नाहीत.

मास्तरांनी मात्र मुलुंडपासून गिरगावापर्यंत सांगितलं, "मी शिकवलं आणि पोरीने भर नाटकात माझा घात केला." लोकांना ते खरं वाटलं. एकाही नाटक मंडळीने सुगंधाला भूमिका दिली नाही. नाटकही बंद पडलं आणि वर्गही. मास्तरांनी मला साकीनाक्याच्या एका सुताराला देऊन टाकलं. निघताना त्यांनी माझ्यावरून हातसुद्धा फिरवला नाही. माझ्यावर आता सरसाची भांडी असतात.

गेल्या महिन्यात भाऊ इथे एक स्टूल दुरुस्त करायला आले. मला ओळखून थबकले. सुताराला सगळी हकीकत सांगून म्हणाले, "ती सुगंधा आता कांदिवलीला मुलींना शिकवते. स्वतः नाटकात उभी राहत नाही. कोणी बोलवायला आलं तर म्हणते, माझ्या मुलींना न्या; पण फलकावर नाव लावल्याशिवाय एकही मुलगी तोंड उघडणार नाही." मग त्यांनी भांडी उचलून खाली ठेवली आणि माझी एक पट्टी दाबली. हवाच नव्हती, मी काय बोलणार?

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण एखादं गाणं आवडलं, तर ते कोण गातंय हे विचारा. आणि कोणाला झाकण्यासाठी तुम्हाला मोठ्याने वाजायला सांगितलं, तर वाजू नका. माझा भाता दुसऱ्याच्या पायाखाली होता. तुमचा श्वास तुमचा आहे.