नवऱ्याच्या पाठीमागे

टिलामुकच्या किनाऱ्यावरून निघताना ग्लेननं सायकल फाटकाच्या खांबाला घासली आणि नोरीनच्या मनात पाल चुकचुकली. सायकल दोघांनी मिळून चालवायची, लांबलचक. हँडल आणि ब्रेक पुढे ग्लेनच्या हाती. मागे बसणाऱ्या नोरीनच्या वाट्याला पेडल आणि नवऱ्याची पाठ. चार रात्री तंबूत काढून आज पोर्टलंडला घरी पोचायचं होतं.

ती पाठ तिला एकोणीस वर्षं तोंडपाठ होती. पण वसंतापासून या माणसाचं काहीतरी बिनसलं होतं. फोन आला की हा गॅरेजमध्ये जाऊन बोलायचा. दाताच्या डॉक्टरकडे तीनदा गेला आणि दात सगळे होते तिथेच. कुणी बाई असेल, असंही तिला वाटून गेलं होतं. अडुसष्टाव्या वर्षी!

घाट सुरू झाला. लाकडाचे ट्रक मागून घोंघावत यायचे, तरी ग्लेन रस्त्याच्या मधूनच चालला होता.

"अरे, कडेला घे ना!"

"कडेला खडी आहे."

खडी नव्हती. नोरीननं वाकून पाहिलं होतं.

पुढे उतारावर उजव्या अंगाला एक फांदी पडलेली होती. चाक सरळ तिच्यावरून गेलं. सायकल उडाली.

"दिसली नाही तुला?"

"दिसली गं. म्हटलं, जाईल वरून."

जेवायला थांबल्यावर ती मुद्दाम त्याच्या उजवीकडे बसली. चीजचा तुकडा त्याच्या कानाजवळ धरला आणि गप्प राहिली. ग्लेन समोरच्या झाडांकडे बघत पाव चघळत होता. तिनं हात हलवला. काही नाही. 

"चीज घे."

त्यानं सगळी मान वळवली. "कुठाय?"

"मघापासून धरलंय. कधीपासून दिसत नाही?"

त्यानं मांडीवरचे पावाचे कण झटकले. "एप्रिल. उजव्या डोळ्याची नस गेली."

"म्हणजे दाताचा डॉक्टर..."

"डोळ्यांचा होता. फोनही तिथलेच."

"आणि मला मागे बसवून डोंगर उतरलास?"

"सांगितलं असतं तर तू सायकल विकली असतीस."

"आधी तुला विकलं असतं!"

तिनं पुढची सीट आपल्या मापाला खाली केली आणि हँडल धरलं. पहिला मैलभर सायकल दारुड्यासारखी झोकांड्या खात होती. मागून ग्लेन म्हणाला, "ब्रेक जरा सोड."

"तू बोलूच नकोस."

दुपार कलली तेव्हा शहर लागलं. पण आता तिला त्याची पाठही दिसत नव्हती आणि डावा डोळा तरी धड आहे का, हा संशय काही सुटत नव्हता. लाल दिव्याला तिनं पाय टेकला, मागे वळली.

"उजवा डोळा झाक. समोरच्या दुकानाची पाटी वाच."

"नोरीन, लोक बघतायत."

"वाच."

"ताजे डोनट."

"त्याखाली?"

"रविवारी बंद." जरा थांबून तो म्हणाला, "आणि 'बंद'चं शेवटचं अक्षर पुसलंय."

तिनं निरखून पाहिलं. पुसलं होतं.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. "सोमवारी डॉक्टरकडे मी येणार," ती म्हणाली. "बाहेर नाही बसणार. आत."

"बरं."

"बरं काय? हो म्हण."

"हो," ग्लेन म्हणाला, आणि तिनं पेडल मारलं.