रणगाड्याच्या दोन दांड्या

करीमभाईंच्या मागं दुकान रुखसारकडं आलं. कंधारच्या बसस्टँडामागच्या गल्लीतलं ते दुकान एके काळी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. ते दिवस सरले तशी करीमभाईंनी एकेक मशीन काढून टाकली आणि पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला घेतल्या. नवरा वारल्यावर रुखसार हदगावहून माहेरी आली आणि बापाच्या शेजारी बसून हेच काम शिकली. मागच्या पावसाळ्यात करीमभाई गेले. रुखसारची मुलगी उजमा हैदराबादला नांदत होती. घरात बोलायला माणूस उरलं नाही. गिऱ्हाईक यायचं, मिक्सर ठेवायचं, "कधी मिळंल?" विचारायचं. "परवा या," रुखसार म्हणायची. कधी कधी अख्ख्या दिवसात तिच्या तोंडून एवढंच निघायचं.

एक मशीन मात्र करीमभाईंनी विकली नव्हती. मागच्या खोलीत, मोडक्या कूलरांच्या आड ती उभी होती. कपाटाएवढं लाकडी खोकं, त्यात काळा पडदा आणि खाली दोन लोखंडी दांड्या. रणगाड्याचा खेळ. डावी दांडी पुढं लोटली की डावा पट्टा फिरायचा, उजवी लोटली की उजवा. दोन्ही सोबत लोटल्या तरच रणगाडा सरळ निघायचा. तोफेचं बटण उजव्या दांडीच्या टोकाला. पडद्यावर सगळं हिरव्या रेघांचं: लांबवर डोंगर, वर अर्धा चंद्र आणि कुठून तरी चालून येणारा दुश्मनाचा रणगाडा.

पार्लरमध्ये पोरी कधी यायच्या नाहीत. पण शुक्रवारी करीमभाई शटर ओढून नमाजला गेले की समोरच्या कापडवाल्या उमाशंकरअप्पांची वर्षाराणी मागच्या दारानं आत शिरायची. दोघी एकाच वर्गातल्या. रुखसारचा नेम पक्का होता. वर्षाराणीला गोळे डागण्यात गोडी नव्हती, तिला त्या डोंगरापाशी जायचं असायचं.

"अगं मार की! आला बघ तो!" रुखसार ओरडायची.

"येऊ दे. मी चालले डोंगराला," म्हणत वर्षाराणी दोन्ही दांड्या लोटत राहायची. डोंगर काही जवळ यायचा नाही. दुश्मनाचा गोळा मात्र यायचा, पडद्यावर तडे गेल्याचं चित्र उमटायचं आणि दोघी तोंडावर ओढणी दाबून हसायच्या.

पुढं वर्षाराणी लातूरला सासरी गेली. भेटी लग्नकार्यापुरत्या राहिल्या, मग त्याही राहिल्या नाहीत.

थंडी सुरू झाली तसं रुखसारनं ते खोकं उघडलं. का उघडलं ते तिला सांगता आलं नसतं. दुकान बंद केल्यावर हाताला काही तरी हवं होतं, एवढं खरं. आत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. तिनं त्या बदलल्या, नांदेडहून कंडेन्सर आणवले, दांड्यांना तेल दिलं. एके दिवशी पडद्यावर हिरवी रेघ थरथरली आणि तिला पहिली आठवण वर्षाराणीची झाली. तिनं वर्षाराणीच्या भावाकडून, बसवंतकडून, लातूरचा नंबर घेतला.

फोन सुनेनं उचलला. "आई झोपल्यात."

दुसऱ्यांदा केला. "आई पूजेला बसल्यात."

"मशीन चालू झाली म्हणून सांगा. त्यांना कळंल," रुखसार म्हणाली. उलटा फोन आला नाही. आणखी एकदा केला तेव्हाही तेच. मोठ्या घरची झाली आता, कंधारची गल्ली कशाला आठवंल तिला, असं मनाशी म्हणत रुखसारनं नंबर पुसून टाकला. त्या संध्याकाळी ती एकटीच रणगाडा खेळली. नेम अजून पक्का होता. पण गोळा बरोबर बसल्यावर शेजारी बघायची सवयही तशीच होती, आणि शेजारी भिंत होती. तिनं बटण बंद केलं.

उन्हाळ्यात बसवंतच्या नातवाचं बारसं निघालं. दुपारी बसवंत दुकानाच्या पायरीशी आला. "ताई आलीय. तुझ्याकडं यायचं म्हणायलीय."

"आता आठवण झाली व्हय?" रुखसार मिक्सरमधून मान वर न काढता म्हणाली.

बसवंत रस्ता ओलांडून गेला आणि बहिणीला धरून घेऊन आला. वर्षाराणीचा उजवा पाय फरफटत होता. उजवा हात पदराखाली लोंबत होता. तोंड एका बाजूला ओढलं होतं.

"लकवा मारलाय," बसवंत हळूच म्हणाला. "वर्ष झालं. बोलणं धड येईना, म्हणून फोनवर यायला लाजते ती. कुणाला सांगूही देईना."

रुखसारनं पेचकस बाजूला ठेवला. तिनं वर्षाराणीला स्टुलावर बसवलं. ती म्हणाली, "मला का न्हाई सांगितलंस गं?"

वर्षाराणीनं डावा हात हलवला आणि एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "म... शीन."

बसवंत पाहुण्यांकडं परत गेला. रुखसारनं तिला मागच्या खोलीत नेलं आणि बटण दाबलं. डोंगर, चंद्र, सगळं जागच्या जागी होतं. वर्षाराणीनं डाव्या हातानं डावी दांडी धरली आणि उजवीकडं नुसतीच बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रुखसार स्टूल ओढून उजव्या अंगाला बसली. उजवी दांडी तिनं धरली. "लोट," ती म्हणाली.

सुरुवातीला रणगाडा जागच्या जागी गरगर फिरला. एकीनं लोटली की दुसरी थांबायची. एक गोळा आला, पडद्यावर तडे उमटले. दुसरा रणगाडा मिळाला, तोही गेला. वर्षाराणीच्या वाकड्या तोंडातून हसण्याचा आवाज फुटला. मग रुखसार तिच्या मनगटाकडं बघायला लागली. ते हललं की आपली दांडी हलवायची. रणगाडा डुलत डुलत सरळ निघाला. समोर दुश्मन आला. रुखसारचा अंगठा बटणावर गेला.

"न... नको," वर्षाराणी म्हणाली. "डोंगर."

रुखसारनं अंगठा उचलला. दोघी डोंगराकडं चालत राहिल्या, गोळा येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी लातूरला निघाली. बसवंत म्हणाला होता, तिचा मुलगा आता पुण्याला बिऱ्हाड हलवणार, तिलाही नेणार. ते वर्षाराणी काल बोलली नव्हती आणि रुखसारनंही विचारलं नव्हतं. गाडीच्या खिडकीतून वर्षाराणीनं डावा हात बाहेर काढला. रुखसारनं तो धरला, गाडी हलल्यावर सोडला.

गल्ली रिकामी झाली तरी ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग दुकानात आली. पायरीवर एक शेतकरी जळकी मोटार घेऊन बसला होता.

"कधी मिळंल?" त्यानं विचारलं.

"बसा," रुखसार म्हणाली. "चहा सांगते. गाव कोणतं तुमचं?"