खड्ड्यातलं पाणी

चष्मेवाल्यांचं सगळं आयुष्य लोकांचे डोळे तपासण्यात गेलं, आणि स्वतः जमीन घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटून सही ठोकली. बायकोला विचारलंही नाही. तिनं पहिल्यांदा प्लॉटवर पाय ठेवला तेव्हा चपला मातीतच राहिल्या. "अहो, ही माती आहे की डिंक?" असं तिनं विचारलं, आणि मग वर्षभर तो विषय काही सोडला नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी गाडी फिरून त्या जमिनीवर यायची. पावसात चिखल, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा. इथे भिंती तडकणार आणि गुलाबांची मुळं कुजणार, हे तिचं भाकीत. "जमीन सोन्यासारखी आहे," असं ते म्हणायचे, पण आवाज दर वेळी थोडा खाली जायचा.

आज माती तपासणारे साहेब आले होते. गटाराची लाइन तिथवर पोचलेली नव्हती, म्हणजे सेप्टिक टाकीतून येणारं पाणी जमिनीतच मुरायला हवं. मुरलं तर बांधकामाला परवानगी. साहेबांनी खड्डा खणवून घेतला, काठोकाठ पाणी भरलं, खुणेची काठी रोवली आणि टेप आणायला गाडीकडे गेले.

चष्मेवाले खड्ड्याशी उकिडवे बसले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण खड्ड्यातलं तसूभर हललं नाही. आज नापास झालो तर उरलेला जन्म काय ऐकावं लागेल, ते त्यांना पाठ होतं. बायको पाठमोरी उभी होती. त्यांनी हळूच डबा बुडवला, दोन-तीनदा पाणी काढून झुडपामागे ओतलं आणि साळसूदपणे चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. शेजारच्या विहिरीपासूनचं अंतर मोजायला टेपचं दुसरं टोक धरायला कोणी तरी हवं होतं. ते काम उरकून दोघं परत आले, तर खड्ड्याचा तळ दिसत होता.

चष्मेवाल्यांना आधी आनंद झाला, मग भीती वाटली. एवढं पाणी त्यांनी काढलंच नव्हतं.

"इतक्या झपाट्यानं?" साहेब गंभीर झाले. "म्हणजे खाली मोठी भेग आहे. घाण पाणी सरळ त्या विहिरीत जाईल. परवानगी देता येणार नाही."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. साहेब भेग शोधायला झुडपाकडे वळले आणि चपक करून पाण्यात उभे राहिले. त्या मातीनं एक थेंबही पोटात घेतला नव्हता.

"हे तळं कोणाचं?"

"माझं," चष्मेवाले मान खाली घालून म्हणाले.

"आणि ते विटांच्या ढिगामागचं?"

चष्मेवाल्यांनी तिकडे पाहिलं. विटांकडे ते फिरकलेही नव्हते. बायको ओली बाही पिळत होती.

"ते माझं," ती म्हणाली.

साहेबांनी खड्डा पुन्हा भरला आणि या वेळी कोणाला जागचं हलू दिलं नाही. तिघं उलट्या घमेल्यांवर बसून पाण्याकडे बघत राहिले. पाणीही त्यांच्याकडे बघत राहिलं.

"ही माती पाणी पिणारी नाही," शेवटी साहेब म्हणाले. "जमिनीवर वाळू-खडीचा उंच ओटा करा, टाकीचं पाणी त्यात मुरू द्या. पाया कठीण थरापर्यंत न्या. गुलाब कुंड्यांत लावा. तसा नकाशा आणलात तर बघू." मग त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आणि पुढच्या वेळी एकानंच या."

गाडी गेली. चष्मेवाल्यांनी बायकोच्या ओल्या बाहीकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही आपल्यासाठी लबाडी करेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"अगं, तू तर वर्षभर या जमिनीला नावं ठेवतेयस," ते म्हणाले.

"ठेवणारच. जन्मभर ठेवणार." तिनं चपला चिखलातून ओढून काढल्या. "पण ती मी ठेवायची. त्या साहेबानं नाही."